आधी कोणाचे दप्तर उघडले?

सातवीच्या वर्गात घड्याळ हरवले. काळ्या पट्ट्याचे, कुणाच्या मामूने सौदीहून आणलेले. मधल्या सुट्टीत नळावर हात धुताना मुलाने ते काढले म्हणे, आणि सुट्टी संपली तेव्हा ते नव्हते. आम्ही नोकरीच्या दुसऱ्या वर्षात होतो. बी.एड.च्या वहीतले वर्गव्यवस्थापन अजून तोंडपाठ होते. दार लावून घेतले, सगळ्यांना उभे केले आणि कुणालाही काही न विचारता सरळ खिडकीजवळच्या शेवटच्या बाकाकडे गेलो. तिथल्या मुलाचे दप्तर उचलून टेबलावर उपडे केले. दोन पुस्तके, एक फाटकी वही, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली अर्धी रोटी. घड्याळ नव्हते. तरीही 'खरं सांग' म्हणत दोन छड्या मारल्या. बाकीच्या एकेचाळीस दप्तरांना आम्ही हात लावला नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मुलगा दरवेशी घरातला. त्याचे आजोबा अस्वल घेऊन गावोगाव फिरत. तो धंदा कायद्याने बंद झाला तेव्हा बाप आठवडी बाजारात अंगठ्यांचे खडे आणि ताबीज विकू लागला. घर रेल्वे लाइनच्या पलीकडे, भाड्याच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी घड्याळ सापडले. ज्याचे होते त्याच्याच पँटच्या आतल्या खिशात, अम्मीने कपडे भिजवायला घेतले तेव्हा. तोवर शेवटचा बाक रिकामा झाला होता.

त्या बाकाकडे जायला आम्हाला कुणी सांगितले नव्हते. मग पाय आपोआप तिकडेच कसे वळले? हे शोधायला निघालो तेव्हा आम्हाला शाळेच्या इतिहासाआधी पोलीस ठाण्याचा इतिहास वाचावा लागला.

रोज सकाळी आपण वर्गात हजेरी घेतो. किती साधा शब्द! पण याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी हजेरी म्हटले की काही वस्त्यांमध्ये माणसे घाबरी होत. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात माणसाने काय केले हे पाहण्याची गरज नव्हती, तो कुठल्या जमातीत जन्मला एवढे पुरे होते. नोंद झालेल्यांनी ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडच्या प्रांतांत होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर पसरला आणि मुंबई इलाख्यालाही लागला. मध्यंतरी १८९७ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, जी शिक्षकाने विसरू नये. या जमातींची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधारवसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. बापाचा दोष मुलाच्या रक्तात उतरतो, तो उतरण्याआधी मूल ताब्यात घ्यावे, असा हा हिशेब. सोलापूरला काटेरी तारांच्या आत अशी मोठी वसाहत होती. तिला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात.

हे पारधी, कैकाडी, बेरड, रामोशी यांच्याबद्दल आहे, आपला काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही वाटले होते. पण केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने १९०८ साली मुंबई इलाख्यातील 'गुन्हेगार वर्गां'वर पुस्तक लिहिले, त्यात छप्परबंद आहेत. छप्परबंद मुसलमान. घरे शाकारणारी ही बिरादरी खोटी नाणी पाडते, असा तिच्यावर सरसकट शिक्का होता. आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी आहेत, मदारी आणि गारुडी आहेत. मशिदीत एका सफेत उभे राहताना आपण यांना ओळखतो. सोयरीक निघाली, कमिटीची निवडणूक आली की विसरतो.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. ज्यांना बाकीचे चोर म्हणत त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याच्या कामावर ठेवले. याच राजाच्या आधाराने कोल्हापुरात १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांचे बोर्डिंग उभे राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. दोन्ही गोष्टींच्या मागे एकच नजर होती, ते मात्र सांगायचे राहून जाते. उरलेल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली आणि ठाण्यातल्या वह्यांची पाने बरीचशी तीच राहिली. त्या वहीची एक नक्कल आमच्याही डोक्यात होती, कुणी न लिहिता उतरलेली. वर्गात घड्याळ हरवले तेव्हा ती उघडली गेली.

आमच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून पारधी मुलांसाठी आश्रमशाळा काढली. नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. शाळेला ज्ञानमंदिर, विद्यानिकेतन अशी नावे देण्याची आपली रीत. तिथे असे नाव कुणी उगाच ठेवत नाही. पुढे समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेच्या काही इमारती पाडल्या गेल्या.

आता शाळेच्या आत येऊ. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. नाकारला गेला. त्याने थेट मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारचे उत्तर वाचण्यासारखे आहे. न्याय अर्जदाराच्या बाजूने असल्याचे कबूल करून त्यात म्हटले होते की एका मुलासाठी दार उघडले तर बाकीचे निघून जातील आणि शाळा ओस पडेल. लंडनला बसलेल्या कंपनीच्या संचालकांना हे पटले नाही आणि सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे पुढे जाहीर झाले. पण जाहीर होणे आणि बाकावर बसू देणे यात किती अंतर होते ते भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला साताऱ्यात कळले. घरून आणलेले तरटाचे बसकर, वेगळा कोपरा आणि शिपाई असेल तरच पाणी. त्यांच्या आठवणीत हे सगळे आले आहे. कोणतीही आगळीक न करता रोज भोगायची ती शिक्षाच होती, फक्त तिला कुणी शिक्षा म्हणत नव्हते. छडी दिसते तरी. तरटाचा तुकडा वर्गाच्या सामानासारखा पडून राहतो.

म्हणून शिस्तीचा इतिहास लिहिताना कोणाला किती मार बसला, एवढेच मोजून भागत नाही. संशय कोणावर आधी आला, 'उद्धट' कोणाला म्हटले, कोणाची चूक खोडी ठरली आणि कोणाची चूक वळण, हेही पाहावे लागते. आमच्या गडचिरोलीच्या दक्षिणेकडे घरी माडिया बोलणारे मूल आश्रमशाळेत येते. गुरुजींचा मराठी प्रश्न त्याला कळत नाही, ते गप्प राहते. गप्प राहिले की निगरगट्ट ठरते. मोहल्ल्यातून मराठी शाळेत गेलेल्या मुलाचे 'तू' हे गुरुजींना उर्मट वाटते, त्याच्या घरी तो लाडाचा शब्द असतो. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, रात्र-रात्र नाटके चालतात. आमचे वडसा तर नाटक कंपन्यांचे माहेरघर. दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगणारी मुले सगळ्या जातींची असतात. पण नाटकात काम करणाऱ्याच्या मुलाला आम्ही चेष्टेने उठवतो आणि हमालाच्या मुलाला कान धरून. ही आमची स्वतःची नोंद आहे. एका हंगामात आम्ही मुद्दाम डायरी ठेवून पाहिले आणि मग ती डायरी कुणाला दाखवली नाही.

आपल्या मक्तबाचा विषयही टाळता येणार नाही. 'गोश्त आपका, हड्डी हमारी' असे म्हणून मुलाला उस्तादाच्या हवाली करणारी पिढी अजून हयात आहे. उस्तादाची छडी लागली त्या जागेला दोजखची आग शिवत नाही, असेही सांगत. हे कुठल्या किताबात आहे असे विचारले की उत्तर मिळत नाही. किताबात काय आहे ते मात्र आम्ही सांगू शकतो. इब्न खल्दूनने १३७७ च्या सुमारास 'मुकद्दिमा' लिहिला. त्यात शिष्यांशी कठोर वागण्याच्या नुकसानीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जबरदस्तीने वाढवलेल्या मुलाचा उत्साह मरतो, ते खोटे बोलायला आणि आत एक, बाहेर एक ठेवायला शिकते, कारण खरे बोलल्यास हात उठेल हे त्याला ठाऊक असते. मारायचेच झाले तर तीनपेक्षा जास्त नाही, असे कैरवानच्या एका आलिमाचे मतही त्याने नोंदवले आहे. साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या या माणसाने मारकुट्या उस्तादाचा परिणाम आमच्या बी.एड.च्या पुस्तकापेक्षा नेमका सांगितला होता, आणि आम्हाला तो अभ्यासक्रमात कुणी शिकवला नाही.

आता कायदा. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणातून हद्दपार करण्याचे ठरवले. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार मान्य केला. २००० साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शालेय नियमांतली छडीची परवानगी रद्द केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना करते. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच सुमारास राष्ट्रीय बालहक्क आयोगाने सात राज्यांतील ६,६३२ मुलांशी बोलून पाहिले. आम्हाला कसलीच शिक्षा झाली नाही, असे सांगणारी मुले फक्त नऊ निघाली.

या कायद्याच्या बाबतीत आपल्या समाजापुढे एक अवघड प्रश्न आहे. तो आपल्या सभांमध्ये कुणी काढत नाही. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमति ट्रस्टच्या खटल्यात असा निकाल दिला की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, अनुदानित असोत वा विनाअनुदानित. वाद मुख्यतः राखीव प्रवेशाचा आणि संस्थेच्या स्वायत्ततेचा होता. संविधानाच्या कलम ३० ने दिलेला आपला हक्क वाचला म्हणून आपण समाधान मानले, आणि ते गैर नव्हते. पण कायदाच लागू नाही म्हटल्यावर कलम १७ देखील त्याच्याबरोबर दाराबाहेर गेले. नगर परिषदेच्या उर्दू शाळेतल्या मुलाला जे संरक्षण थेट आहे ते शेजारच्या आपल्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलाला या कायद्याखाली उरले नाही. बालन्याय कायदा, २०१५ चे कलम ७५ मुलाशी क्रौर्य करणाऱ्याला शिक्षा सांगते, एवढा आधार आहे. पण तो गुन्हा नोंदवण्याचा मार्ग आहे, वर्ग चालवण्याचा नव्हे. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमति निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. तो खटला शिक्षक पात्रता परीक्षेवरून होता. न्यायालय पुढे काय ते ठरवील. पण आपल्या संस्थांच्या कार्यकारिणीला 'आमच्या शाळेत छडी नाही' असा चार ओळींचा ठराव करायला कुठल्या पीठाची वाट पाहावी लागते? स्वतःची शाळा चालवण्याचा हक्क मागणाऱ्याने छडीसाठी त्या हक्काची ढाल करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या मतामुळे स्टाफरूममध्ये आमचा चहा थोडा थंड झाला आहे. असो.

दुसरीकडे, ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यात, खुब्बापूर गावी, शिक्षिकेच्या सांगण्यावरून वर्गातली मुले उठून उठून एका सात वर्षांच्या मुसलमान मुलाच्या थोबाडीत मारत असल्याची चित्रफीत देशाने पाहिली. तुषार गांधी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये सुनावणी करताना याच कलम १७ चा आधार घेतला. एखाद्या समाजाचा म्हणून मुलाला शिक्षा होत असेल तर तिथे दर्जेदार शिक्षण असूच शकत नाही, असा न्यायालयाचा आशय होता. ती चित्रफीत पाहून आपल्या मोहल्ल्यात संताप झाला आणि तो रास्त होता. आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही, त्याला आणखी एक कारण होते. त्या वर्गात मारणारे हात मुलांचे होते. घड्याळाच्या दिवशी आमच्या वर्गातल्या एकेचाळीस मुलांनीही मान वळवून त्याच बाकाकडे पाहिले होते. त्यांना ते आम्हीच शिकवले होते.

अशा गोष्टी मोजल्या जातात का? अमेरिकेत मोजतात. तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याने २०११-१२ या वर्षाचे आकडे जाहीर केले, त्यात शाळेतून काही दिवसांसाठी काढून टाकलेल्या गोऱ्या मुलांचे प्रमाण ५ टक्के आणि काळ्या मुलांचे १६ टक्के होते. चुका सारख्याच, शिक्षा वेगळी, ही तक्रार जुनी होती. आकड्याने ती टेबलावर आली. २०१४ मध्ये सरकारने शाळांना सूचना दिल्या, २०१८ मध्ये दुसऱ्या सरकारने त्या मागे घेतल्या. आपल्याकडे दरवर्षी शाळेची माहिती भरताना आम्ही शौचालये मोजतो, संगणक मोजतो, मुलांचे जातिनिहाय तक्ते भरतो. कोणत्या समाजाच्या किती मुलांना शिक्षा झाली, असा रकाना आम्हाला त्या फॉर्मात कधी भरावा लागलेला नाही. आपल्याकडे मूल शाळेतून काढता येत नाही, कायद्याने मनाई आहे. ते आपणहून येईनासे होते आणि आम्ही शेरा मारतो, 'सतत गैरहजर'. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले की ६ ते १४ वयाच्या मुसलमान मुलांपैकी २५ टक्के एकतर शाळेत कधी गेली नाहीत किंवा मधेच सुटली. त्यातली किती गरिबीने सुटली आणि किती उपडे केलेल्या दप्तरामुळे, हे त्या आकड्याच्या पोटात आहे.

शिक्षेऐवजी काय, याचा शोध जगात निरनिराळ्या ठिकाणी चालू होता. न्यूझीलंडने १९८९ साली कायदा केला, की अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर त्याचे कुटुंब, ज्याचे नुकसान झाले तो, आणि अधिकारी यांनी एकत्र बसून भरपाईची वाट काढावी. या कायद्यामागे तिथल्या माओरी लोकांचा रेटा होता. आपली मुले गोऱ्यांच्या सुधारगृहात जातात आणि परत येत नाहीत, हे त्यांचे दुःख होते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १९९४ साली एका शाळेने हीच पद्धत मारामारीच्या प्रकरणात वापरली. तिथून ती अमेरिकेच्या शाळांत पोहोचली. वर्गाने गोल बसायचे. काय झाले, कोणाला काय लागले, आता काय केले म्हणजे भरून निघेल, एवढे तीन प्रश्न. ऐकायला गोड आहे. पण पिट्सबर्ग शहरातल्या शाळांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, तो प्रामाणिकपणे सांगतो की मुलांना काढून टाकण्याचे प्रमाण घटले, काळ्या-गोऱ्यांतली तफावत कमी झाली, पण सहावी ते आठवीच्या मुलांच्या गुणांवर उलट परिणाम दिसला. हे आम्ही मुद्दाम लिहितो. कुठलीही नवी पद्धत आली की आपल्याकडे प्रशिक्षण, बॅनर आणि फोटो होतात. वर्ग शिकवायचा तो शिकवावाच लागतो.

आमच्या जंगलपट्टीला ही कल्पना अगदी परकी नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही. एकाचाही विरोध असेल तोवर बोलणे चालू राहते. याच गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. शेजारच्या बस्तरमधल्या मुरियांच्या घोटुलाविषयी व्हेरिअर एल्विनने १९४७ साली जाडजूड पुस्तक लिहिले. त्यातल्या घोटुलात शिस्त मोठी माणसे लावत नाहीत. मुलांचेच अधिकारी असतात आणि कामचुकार मुलाला तेच जाब विचारतात. शिक्षा तिथेही होत्या आणि सगळ्या सौम्य नव्हत्या. मध्य प्रांतातल्या कितीतरी जातींत चूक करणाऱ्याने पंचांपुढे कबुली द्यायची, जातीला जेवण घालायचे आणि पुन्हा पंगतीत बसायचे अशी रीत होती. आपल्या जमातीतही 'सुलह' झाली की दोघांना एका ताटात जेवायला बसवणारे बुजुर्ग आम्ही पाहिले आहेत.

पण पंचांचे गोडवे गाताना जीभ आवरावी लागते. ज्या पंचायतीने पंगतीत घेतले तिनेच कितीजणांना पंगतीतून उठवले. जातिबाहेर लग्न केलेल्यांना, दंड न भरणाऱ्यांना, तोंड उघडणाऱ्या बायकांना. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. आपला हिशेबही स्वच्छ नाही. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृत करण्यास बंदी करणारा कायदा केला, त्याला दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. गोल बसणे सोपे आहे. त्या गोलात सगळ्यात दुबळा माणूस बोलू शकतो की नाही, यावर सगळे अवलंबून असते. दरवेशाचा मुलगा, समोर दुबईवाल्याचा मुलगा, आणि मध्ये ज्याने छडी मारली तोच मास्तर पंच. यात सुलह कसली?

आम्हाला वाट दाखवली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाने. बोर्डीहून १९५७ साली त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुले शाळेत येत ना. कारण उघड होते, ती गुरे राखत. सरकारी भाषेत ही मुले गैरहजर होती. या दोघींनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरत आणि शेजारी वर्ग भरे. तिला त्यांनी कुरणशाळा म्हटले. मुलाला ओढून आणायचे की त्याच्याकडे चालत जायचे, असा सरळ प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

आम्ही रेल्वे लाइन ओलांडून गेलो. एकटे गेलो, कारण मुख्याध्यापकांना विचारायची हिंमत झाली नाही. बाप घरी होता. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि आम्ही काही बोलण्याआधी मुलालाच रागावू लागला, "मास्टरसाब के सामने सीधा खड़ा रह." चोरी न केलेल्या मुलाने आमच्यापुढे सरळ उभे राहायचे होते! आम्ही घड्याळ सापडल्याचे सांगितले. माफी मागितली. बाप गडबडला, "अरे साब, उस्ताद का हक है," म्हणाला. मुलगा काही बोलला नाही.

तीन दिवसांनी तो आला. शेवटचा तास आम्ही मोकळा ठेवला होता. बाके भिंतीला लावून सगळे खाली बसलो. आधी आम्ही बोललो, काय केले ते. मग घड्याळवाला मुलगा बोलला, त्याचा आवाज रडवेला होता. एक मुलगी म्हणाली की आम्हालाही वाटले होते त्यानेच घेतले असेल, का वाटले ते माहीत नाही. दरवेशाच्या मुलाची पाळी आली तेव्हा तो बराच वेळ फरशीवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "सर, बस्ता आपने खोला. बंद मैंने अकेले ने किया. सब लोग देख रहे थे."

आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते. भरपाई म्हणून काय हवे असे विचारले तर म्हणाला, काही नको, फक्त पुढे काही हरवले तर सगळ्यांचे बस्ते बघा, सरांचाही. वर्गाने ते मान्य केले. त्यानंतर पाच-सहा वेळा वस्तू हरवल्या. दोनदा आमच्या पिशवीतून डबा, छत्री आणि चाचणीचे पेपर टेबलावर आले आणि मुले पोट धरून हसली.

आठवीनंतर त्याचे घर गोंदियाकडे हलले. दाखला न्यायला बाप आला. शाळा सोडल्याच्या दाखल्यात एक रकाना असतो, वर्तणुकीचा. शेकडो दाखल्यांवर आम्ही तिथे न बघता 'चांगली' लिहीत आलो आहोत. त्याला मराठी वाचता येत नव्हते. त्या रकान्यावर बोट ठेवून त्याने विचारले, "यहां क्या लिखा है, मास्टरसाब?" आम्ही सांगितले. त्याने कागद आमच्याकडे परत सरकवला आणि म्हणाला, "एक बार और पढ़ो."